१४ साईट, एक व्हीपीएस : एसएसएल स्वस्तात कसं बसवायचं?

दारव्हा_साईटवाला · सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकांच्या १४ साईट आहेत. त्यांना एसएसएल सर्टिफिकेट बसवायचंय, म्हणजे साईट एचटीटीपीएसवर कुलपासकट उघडेल. मांडणी अशी:

९ साईट एका व्हीपीएसवर (भाड्याचा आभासी सर्व्हर), उबुंटू २२.०४ आणि एनजिनएक्स हा वेबसर्व्हर. त्यात कृषी सेवा केंद्रं, दोन शाळा, मंगल कार्यालय, एक साप्ताहिक, संत्र्याची रोपवाटिका आणि एक पतसंस्था.
३ साईट तीन निरनिराळ्या शेअर्ड होस्टिंगवर. तिन्हीकडे सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल, आहे.
१ शेतकरी उत्पादक कंपनीच्या दालमिलचं साठा-वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. ते मिलच्या ऑफिसातल्याच लिनक्स मशीनवर चालतं. फायबर आहे, स्थिर आयपी नाही.
१ .भारत डोमेन. तेही व्हीपीएसवरच आणायचंय.

रीसेलर म्हणतो, एकच वाइल्डकार्ड घ्या, चौदाही साईटवर चालेल, तीन वर्षं बघायला नको. प्रत्येकाला वेगळं विकत घेतलं तर ते वार्षिक देखभालीच्या रकमेत बसत नाही. पतसंस्थेच्या सचिवांना 'फुकटवालं' नको आहे. काय करावं?

पोर्ट_ऐंशी · सकाळी ९.०५

रीसेलरच्या एका वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली. वाइल्डकार्ड एकाच डोमेनच्या उपडोमेनांना चालतं. 'तारांकन-डॉट-दालमिल-डॉट-इन' घेतलं तर त्यात 'साठा.दालमिल.इन' येतं, 'काटा.दालमिल.इन' येतं. शाळेचं वेगळं डोमेन त्यात येत नाही. एवढंच काय, नुसतं 'दालमिल.इन'सुद्धा येत नाही, ते नाव वेगळं जोडावं लागतं. आणि तारांकन एकच पायरी धरतं. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.साठा.दालमिल.इन' उघडलं की ब्राउझर लाल पाटी दाखवणारच.

दुसरी. तीन वर्षांचं सर्टिफिकेट असा प्रकार आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. तीन वर्षांचा जो 'प्लॅन' विकतात, त्यात पैसे तीन वर्षांचे आधी घेतात आणि सर्टिफिकेट मात्र दर वेळी नव्याने काढून नव्याने बसवायला लागतं. ते बसवायला रीसेलर दारव्ह्याला येणार नाही.

तुमच्या यादीतल्या एकाही साईटला पैसे द्यायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं डीव्ही सर्टिफिकेट (फक्त डोमेनचा ताबा तपासून दिलेलं) फुकट मिळतं, नेहमीची मुदत ९० दिवस, ब्राउझर त्याला विकतच्या डीव्हीइतकंच मानतो. एन्क्रिप्शन तेच असतं. विकतच्या डीव्हीवर दर साईटमागे रक्कम अधिक १८ टक्के जीएसटी भरून वर हातानेच बसवायचं असेल, तर ते महागही आणि त्रासाचंही. तुमचा खरा खर्च नूतनीकरणात आहे. ते आपोआप होत नसेल तर फुकटचं सर्टिफिकेटही शेवटी महाग पडतं.

म्हणून १४ साईटची वाटणी किमतीवर करू नका. डीएनएसचा (डोमेनचं नाव कुठे न्यायचं त्या नोंदींचा) आणि सर्व्हरचा ताबा कुणाकडे आहे, ते बघून करा.

वऱ्हाडी_रूट · सकाळी ९.३१

बराबर बोलले. भाऊ, आधी एक तक्ता करा कागदावर. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, नेमसर्व्हर कोणाचे, लॉगिन कोणाजवळ, मुदत कधी संपते. आपल्याकडे निम्मे डोमेन कोण्या भाच्याच्या जीमेलवर घेतलेले असतात अन् तो भाचा असते पुण्यात. सर्टिफिकेटचं नंतर पाहू. डोमेनच गेलं तं कायचं एसएसएल लावता?

दारव्हा_साईटवाला · सकाळी ९.५०

तक्ता केला. व्हीपीएसवरच्या नऊपैकी सहांचं डीएनएस लॉगिन आहे. तिघांचं नाही, पण त्यांच्या साईट आपल्या सर्व्हरवरूनच उघडतात. नऊही नावं एकाच सर्टिफिकेटात टाकली तर चालेल का? एकदाच रिन्यू करायचं.

पोर्ट_ऐंशी · सकाळी १०.१५

टाकता येतात. लेट्स एन्क्रिप्ट एका सर्टिफिकेटात १०० नावांपर्यंत देतं. पण टाकू नका.

उद्या मंगल कार्यालयवाल्याने साईट दुसरीकडे नेली, की त्याचा ए-रेकॉर्ड (नाव कुठल्या आयपीवर न्यायचं ती डीएनएस नोंद) तुमच्याकडे राहणार नाही. पुढच्या रिन्यूला त्या एका नावाची पडताळणी फसेल आणि पूर्ण सर्टिफिकेट अडेल. म्हणजे मंडपवाल्यापायी पतसंस्था बंद. शिवाय कुणीही ब्राउझरात सर्टिफिकेटचा तपशील उघडला की तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्यापुढे येते.

एका डोमेनला एक सर्टिफिकेट, त्यात दोन नावं: नुसतं डोमेन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट. एका आयपीवर कितीही सर्टिफिकेटं राहू शकतात. ब्राउझर जोडतानाच नाव सांगतो, त्याला एसएनआय म्हणतात. वेगळा आयपी लागतो ही समजूत जुनी आहे.

आता कृती. मंचावर रोमन उमटत नाही, म्हणून आज्ञा उच्चाराने लिहितोय. टर्मिनलात इंग्रजीतच टाका.

सर्टबॉट म्हणजे सर्टिफिकेट काढून बसवणारं साधन. एपीटीतून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या साठ्यातून, आलेला जुना सर्टबॉट असेल तर आधी काढा, नाहीतर दोन सर्टबॉट एकमेकांच्या पायात येतात. मग 'सुडो स्नॅप इन्स्टॉल --क्लासिक सर्टबॉट'.

प्रत्येक साईटच्या एनजिनएक्स फाइलमध्ये 'सर्व्हर_नेम'पुढे दोन्ही नावं आहेत का बघा. सर्टबॉट त्याच ओळीवरून साईट ओळखतो. बहुतेक फाइलींत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू राहिलेलं असतं. 'एनजिनएक्स -टी' चालवून मांडणी तपासा. एका साईटच्या फाइलीत अर्धविराम चुकला तर रीलोड नऊही साईटचं अडतं.

पहिला प्रयोग खऱ्यावर करू नका. 'सर्टबॉट सर्टओन्ली --एनजिनएक्स --ड्राय-रन -डी डोमेन -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.डोमेन' असा आधी चालवा. तो स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या, सर्व्हरवर जातो, मर्यादा खर्च होत नाही. खऱ्या सर्व्हरवर एका नावाची पडताळणी तासात ५ वेळा फसली की थांबावं लागतं, आणि त्याच नावांच्या संचाचं सर्टिफिकेट ७ दिवसांत ५ वेळाच मिळतं. लोक घाबरून तीच आज्ञा सहा वेळा मारतात आणि मग ताटकळत बसतात.

ड्राय-रन सरळ गेला की 'सर्टओन्ली' आणि 'ड्राय-रन' काढून तीच आज्ञा द्या. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवायची ओळही तो घालतो.

नऊ साईट झाल्या की 'सर्टबॉट सर्टिफिकेट्स' चालवा. नावं आणि उरलेले दिवस दिसतील. शेवटी 'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन'. हा सगळ्यांसाठी हिरवा आला तरच काम झालं समजा. कुलूप दिसतंय म्हणून थांबलात तर तीन महिन्यांनी फोन वाजतील.

ज्या तिघांचं डीएनएस तुमच्याकडे नाही त्यांचंही याच पद्धतीने होतं. पडताळणी ८० नंबरच्या पोर्टावरून होते, तिथे ए-रेकॉर्ड बरोबर असला की पुरतं.

संत्रा_झोन · सकाळी १०.४२

दोन पुरवण्या.

८० नंबरचं पोर्ट बंद करू नका. 'आता सगळं ४४३ वर (एचटीटीपीएसच्या पोर्टावर) आहे, ८० कशाला' म्हणून फायरवॉलमध्ये बंद करतात आणि पुढचं रिन्यू मरतं.

गिऱ्हाईक सोडून गेलं तर त्याच्या सर्टिफिकेटचं फोल्डर हाताने उडवू नका. एनजिनएक्सच्या फाइलीत त्या जागेचा पत्ता राहतो आणि पुढच्या रीस्टार्टला एनजिनएक्स उठतच नाही, सगळ्या साईट झोपतात. आधी ती साईट एनजिनएक्समधून काढा, रीलोड करा, मग 'सर्टबॉट डिलीट --सर्ट-नेम'.

मेळघाट_नोड · सकाळी ११.२०

पतसंस्थेबद्दल. सचिवांना बहुधा ओव्ही किंवा ईव्ही म्हणायचं आहे, म्हणजे ज्यात सीए (सर्टिफिकेट देणारी कंपनी) मागणाऱ्या संस्थेची नोंदणी तपासते. ते मागितलं तर घ्यावं, पण काय मिळतं ते त्यांना आधी सांगावं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने पत्त्याच्या पट्टीतलं संस्थेचं नाव काढलं. आता ते नाव पत्त्याशेजारचं चिन्ह दाबून आत गेल्यावरच दिसतं. खातेदार तिथवर जात नाही.

ओव्ही घ्यायचंच ठरलं तर वेळ नावाच्या जुळणीत जातो. नोंदणी प्रमाणपत्रावर 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित', पॅनवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, फलकावर तिसरंच. सीए अर्जातलं नाव, पत्ता आणि फोन स्वतंत्र नोंदीशी ताडून बघते आणि त्या नोंदीतल्या नंबरवर फोन करते. तो नंबर पाच वर्षांपूर्वी बंद झालेला लँडलाईन असेल तर अर्ज तिथेच पडून राहतो. अर्जात नोंदणी प्रमाणपत्रावरचंच नाव अक्षरशः उतरवा.

ईमेलने पडताळणी निवडलीत तर पत्र अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, होस्टमास्टर किंवा पोस्टमास्टर यांपैकीच एखाद्या नावाने त्या डोमेनवर जातं. डोमेनवर मेलच नसेल तर डीएनएस पडताळणी निवडा.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेने बँकांना .बँक.इन डोमेनवर जायला सांगितलं होतं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. ते ऐकून कुणी पतसंस्थेलाही घाबरवत असेल तर सांगा, पतसंस्था ही बँक नव्हे, तो आदेश तिच्यासाठी नाही.

दारव्हा_साईटवाला · दुपारी १२.०५

धन्यवाद ताई, सचिवांना हेच वाचून दाखवतो.

नऊपैकी सात झाल्या, दोन अडल्या.
रोपवाटिका: 'ड्युरिंग सेकंडरी व्हॅलिडेशन', पुढे 'टाइमआउट ड्युरिंग कनेक्ट, लाइकली फायरवॉल प्रॉब्लेम'.
साप्ताहिक: 'अनऑथराइज्ड', पुढे ४०४.

काळी_माती · दुपारी १२.३०

पहिल्याचं उत्तर त्या 'सेकंडरी' शब्दात आहे. लेट्स एन्क्रिप्ट एकाच ठिकाणाहून पडताळत नाही, जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी साईटला विचारतं. मुख्य ठिकाणाला उत्तर मिळालं, बाकीच्यांना मिळालं नाही. म्हणजे रोपवाटिकेच्या साईटवर कुणीतरी काही देशांचे आयपी अडवलेत. सर्व्हर तोच आणि बाकी सात साईट पास, तेव्हा सर्व्हरच्या फायरवॉलवर संशय घेऊ नका. रोपवाटिकेचं नाव मधल्या एखाद्या सुरक्षा सेवेतून येतंय का ते बघा. तिथे ठरावीक देशांनाच आत घेणारा नियम सापडेल. लेट्स एन्क्रिप्ट आपल्या आयपींची यादी देत नाही, त्यामुळे 'तेवढे आयपी सोडा' असं करता येत नाही. '/.वेल-नोन/अ‍ॅकमे-चॅलेंज/' हा मार्ग त्या नियमातून मोकळा करा.

दुसऱ्याचं: साप्ताहिकाच्या डीएनएसमध्ये एएएए रेकॉर्ड आहे का बघा. म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता. जुन्या होस्टिंगवरून आणताना ए-रेकॉर्ड बदलतात आणि एएएए तसाच विसरतात. एएएए असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडेच जातं, जुना सर्व्हर ४०४ देतो. तुमच्या घरच्या जोडणीवर आयपीव्ही६ नसेल तर तुम्हाला मात्र साईट व्यवस्थित दिसते, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. एएएए काढा नाहीतर नव्या सर्व्हरचा घाला.

इतर दोन निरोप ओळखून ठेवा. 'एनएक्सडोमेन' आला तर ते नाव डीएनएसमध्ये नाहीच, बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा रेकॉर्ड राहिलाय. 'सीएए'चा उल्लेख आला तर डोमेनमालकाने सर्टिफिकेट कुणी द्यावं यावर बंधन घातलंय. त्या रेकॉर्डात 'लेट्सएन्क्रिप्ट.ऑर्ग' जोडा. सीएए रेकॉर्डच नसेल तर कोणतीही सीए देऊ शकते, मुद्दाम घालायची सक्ती नाही.

दारव्हा_साईटवाला · दुपारी १.१०

साप्ताहिकाचा एएएए जुना होता. काढला, एक वाजता झालं. रोपवाटिकेचं डीएनएस मालकाच्या पोराकडे आहे, त्याला फोन लावलाय.

आता नवीनच: .भारत डोमेन व्हीपीएसकडे वळवलं. ते एचटीटीपीएसवर उघडलं की मंगल कार्यालयाचं सर्टिफिकेट दिसतं आणि इशारा येतो!

संत्रा_झोन · दुपारी १.२५

घोटाळा नाही. त्या नावाला एनजिनएक्सच्या मांडणीत ४४३ चा ब्लॉक (त्या साईटचा भाग) अजून नाही, म्हणून एनजिनएक्सने यादीतला पहिला ब्लॉक पुढे केला. 'डीफॉल्ट_सर्व्हर' म्हणून एक रिकामा ब्लॉक ठेवा. नव्या एनजिनएक्समध्ये, म्हणजे १.१९.४ पासून, 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन' अशी ओळ आहे. पण उबुंटू २२.०४ सोबत १.१८ येतं, त्यात ती चालत नाही. तुमच्याकडे स्वतःच सही केलेलं एक सर्टिफिकेट लावून 'रिटर्न ४४४' द्या.

.भारतचं सर्टिफिकेट काढताना देवनागरी नाव सर्टबॉटला देऊ नका, तो घेत नाही. 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं प्युनीकोड रूप (त्याच नावाचं रोमन अक्षरांतलं रूप) द्यायचं, तेच 'सर्व्हर_नेम'मध्येही. आणि ते रूप स्वतः बनवू नका, रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून उचला. कारण मराठीचं आहे. 'शेतकऱ्यांचा' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, कुठे साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखे, प्युनीकोड मात्र निराळं निघू शकतं. मग भलत्याच नावाचं सर्टिफिकेट मागितलं जातं आणि 'एनएक्सडोमेन' येतं.

वऱ्हाडी_रूट · दुपारी २.००

सीपॅनेलवाल्या तिघांचं सांगतो. पॅनेलात 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' उघडा, नावं निवडा, 'रन ऑटोएसएसएल' दाबा. होस्टिंगवाल्यानं चालू ठेवलं असन तं दहा-पंधरा मिनटात हिरवं कुलूप येते अन् पुढं त्याचं ते रिन्यू करत राह्यते.

नाही झालं तं दोन जागा पाहा. एक, .एचटीअ‍ॅक्सेस फाइल. सगळ्याच विनंत्या वळवणारा नियम असन तं पडताळणीची फाइलही भलतीकडंच जाते. 'वेल-नोन' फोल्डर त्यातून वगळा. दोन, डोमेनचे नेमसर्व्हर दुसरीकडं आहेत अन् मेल, वेबमेल असले उपडोमेन कुठंच वळवले नाहीत. त्यांच्यापुढं लाल फुली दिसते, मुख्य साईटचं काही अडत नाही, सोडून द्या.

काही होस्टिंगवाले ऑटोएसएसएल मुद्दाम बंद ठेवतात अन् तेच विकतात. तिथं ९० दिवसांनी हातानं चिकटवत बसू नका बाप्पा. साईट व्हीपीएसवर आणा, अकरावी म्हणून. दहा असतात तिथं अकरावी जड नाही.

दारव्हा_साईटवाला · दुपारी २.२०

तिघांपैकी एकाकडे बंदच आहे. तिथे क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हर यांच्या मधली सेवा) पुढे लावलं तर? फुकट कुलूप मिळतं म्हणे.

काळी_माती · दुपारी २.४५

मिळतं, पण 'फ्लेक्सिबल'वर ठेवू नका. त्यात वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत कुलूप आणि तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत उघडं. शाळेच्या प्रवेशअर्जातला पालकांचा नंबर अर्धा रस्ता उघडाच जातो. शिवाय सर्व्हरवर एचटीटीपीएसकडे वळवायचा नियम असेल तर साईट स्वतःभोवती गोल फिरते आणि 'टू मेनी रीडायरेक्ट्स' येतं. या मंचावर दर महिन्याला एकजण तोच प्रश्न घेऊन येतो.

'फुल स्ट्रिक्ट' ठेवा. त्यासाठी सर्व्हरवर क्लाउडफ्लेअरचंच ओरिजिन सर्टिफिकेट बसवता येतं, मुदत १५ वर्षांपर्यंत. सीपॅनेलमध्ये हाताने एसएसएल चिकटवायची सोय असेल तर एकदाच चिकटवायचं. मात्र त्या सर्टिफिकेटवर फक्त क्लाउडफ्लेअर विश्वास ठेवतं. मधून ते काढलंत की ब्राउझर लगेच इशारा देईल. फुकटच्या योजनेत मुख्य नाव आणि एकच पायरी उपडोमेन येतात, हेही ध्यानात असू द्या.

दारव्हा_साईटवाला · दुपारी ३.१०

आणि दालमिल? तिथे बाहेरून आत येताच येत नाही.

काळी_माती · दुपारी ३.५०

राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा आयपी) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर जोडणी कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहे, सीजीनॅट म्हणतात त्याला. पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरून ८० उघडणार नाही. स्थिर आयपी विकत घ्यायचीही गरज नाही, कारण सॉफ्टवेअर ऑफिसातलेच लोक वापरतात.

इथे डीएनएस पडताळणी लावायची. सीए तुमच्या मशीनपर्यंत येतच नाही, '_अ‍ॅकमे-चॅलेंज' नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) डीएनएसमध्ये आहे का एवढंच बघते. 'साठा.दालमिल.इन'चा ए-रेकॉर्ड १९२.१६८ च्या आतल्या पत्त्यावर असला तरी सर्टिफिकेट मिळतं. काही राउटर असं उत्तर धोकादायक समजून गिळतात. तसं झालं तर राउटरच्या डीएनएस रीबाइंड सेटिंगमध्ये हे डोमेन सोडून द्या. आणि वाइल्डकार्ड लागलंच तर तेही याच पद्धतीने मिळतं, ८० च्या पोर्टावरून मिळत नाही.

साधन म्हणून अ‍ॅकमे.एसएच घ्या, सर्टबॉटसारखंच पण हलकं आहे. बसवल्यावर त्याची मूळ सीए झीरोएसएसएल असते. लेट्स एन्क्रिप्ट हवं तर '--सेट-डीफॉल्ट-सीए --सर्व्हर लेट्सएन्क्रिप्ट' द्या.

रजिस्ट्रारला एपीआय (प्रोग्रामने रेकॉर्ड बदलायची सोय) नसेल तर रेकॉर्ड दर वेळी हाताने टाकत बसू नका. एकदाच सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) करा: '_अ‍ॅकमे-चॅलेंज.साठा.दालमिल.इन' हे तुमच्या एका वेगळ्या, एपीआय असलेल्या डोमेनकडे वळवा. पुढचे सगळे टीएक्सटी तिकडे पडतात. अ‍ॅकमे.एसएचमध्ये याला '--चॅलेंज-अलायस' आहे. याचा दुसरा फायदा असा की मिलच्या मशीनवर मुख्य डोमेनची चावी ठेवावी लागत नाही. ते मशीन कुणी उघडलं तरी तुमचं खरं डीएनएस शाबूत.

सर्टिफिकेट '.अ‍ॅकमे.एसएच' फोल्डरमधून थेट वापरू नका. '--इन्स्टॉल-सर्ट'ने दुसऱ्या जागी ठेवा आणि '--रीलोडसीएमडी'मध्ये सर्व्हर रीलोडची आज्ञा द्या. ती विसरली की डिस्कवर नवं सर्टिफिकेट आणि मेमरीत जुनं. तारीख उलटली की 'मी तर रिन्यू केलं होतं' म्हणत बसायचं.

आता आपल्याकडची गोष्ट. मिलमध्ये संध्याकाळी मेन स्विच पाडतात, दिवसा भारनियमन. अ‍ॅकमे.एसएचचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्रीच्या वेळेवर पडलं असेल तर ते कधीच चालणार नाही, क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही. वेळ बदलून सकाळी सव्वाअकरा करा, किंवा सिस्टमडीचा टायमर लावून त्यात 'पर्सिस्टंट=ट्रू' ठेवा, मशीन सुरू झालं की राहिलेलं काम तो करतो. आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळतंय ना ते 'टाइमडेटसीटीएल'ने बघा.

मेळघाट_नोड · दुपारी ४.३०

घड्याळावरून: 'आमच्याकडे साईट उघडत नाही, सर्टिफिकेट खराब' अशी तक्रार एखाद्या सेतू केंद्रातून एकाच संगणकावरून आली तर आधी तिथली तारीख विचारा. मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी उतरली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि सगळ्याच एचटीटीपीएस साईट बिघडतात. बॅटरी बदलली की झालं.

फोनवरून आली तर अँड्रॉइडची आवृत्ती विचारा. ७.१.१ पेक्षा जुन्या फोनात लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स१ (ज्यावर फोनचा विश्वास टिकतो ते मूळ सर्टिफिकेट) नाही. जुन्या रूटचा जो आधार होता तोही सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. असे वाचक खरंच जास्त असतील तर तेवढ्या साईटला जुन्या रूटपर्यंत साखळी जाणारी दुसरी सीए घ्या, आधी त्याच फोनवर तपासून.

पण नवे फोनही रडत असतील आणि संगणकावर ठीक दिसत असेल, तर चूक तुमची. एनजिनएक्समध्ये 'फुलचेन.पेम' ऐवजी 'सर्ट.पेम' लावलंय. मधलं सर्टिफिकेट पाठवलंच जात नाही. संगणकावरचा क्रोम ते स्वतः शोधून आणतो, फोनवरची अ‍ॅप आणतीलच असं नाही. पेमेंट गेटवेचे निरोपही यानेच अडतात.

दारव्हा_साईटवाला · सायंकाळी ५.१५

रोपवाटिकाही झाली, देशांचा नियमच निघाला. पोराने नियम सैल केला.

कृषी सेवा केंद्राच्या वर्डप्रेसवर कुलूप आलं, पण फोटो गायब आणि 'नॉट फुल्ली सिक्युअर'. डेटाबेसमध्ये सरळ एसक्यूएलने एचटीटीपीचं एचटीटीपीएस करू?

संत्रा_झोन · सायंकाळी ५.३०

नको! वर्डप्रेस काही नोंदी अक्षरसंख्येसकट साठवतो. एक 'एस' वाढला की संख्या जुळत नाही आणि विजेट, थीमच्या सेटिंग उडतात. बॅकअप घ्या, 'डब्ल्यूपी सर्च-रिप्लेस' जुना पत्ता नवा पत्ता '--ड्राय-रन'सह चालवा, आकडा पटला तर ड्राय-रनशिवाय. तो संख्याही दुरुस्त करतो. थीमच्या फाइलीत हाताने लिहिलेले पत्ते मात्र तुम्हालाच शोधायचे.

एचएसटीएस, म्हणजे 'यापुढे फक्त एचटीटीपीएसनेच ये' असं ब्राउझरला सांगणारी ओळ, एवढ्यात लावू नका. लावायचंच तर 'मॅक्स-एज' ३०० सेकंदांनी सुरुवात करा, महिनाभर सुरळीत गेलं की ३१५३६०००. 'इन्क्लूडसबडोमेन्स' तर प्रत्येक उपडोमेनवर कुलूप आल्याशिवाय नाहीच. एकदा ब्राउझरने लक्षात ठेवलं की परत घेणं सोपं राहत नाही.

पोर्ट_ऐंशी · सायंकाळी ६.०५

राहिली पाळत. लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आल्याचं मेल पाठवायचं, ते जून २०२५ पासून बंद आहे. जुन्या सवयीवर विसंबू नका. व्हीपीएसवर नव्हे तर दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर रोज एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: 'ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट डोमेन:४४३ -सर्व्हरनेम डोमेन', त्याचं उत्तर 'ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -एंडडेट'कडे. 'सर्व्हरनेम' गाळू नका, नाहीतर जुन्या ओपनएसएसएलमध्ये व्हीपीएसवरच्या सगळ्या साईटना पहिल्याच साईटची तारीख मिळेल. मिलचं तपासणं मिलच्याच जाळ्यातून. सर्टबॉट ९० दिवसांचं सर्टिफिकेट ३० दिवस उरले की आपोआप बदलतो, म्हणून २० च्या खाली आकडा दिसला की काहीतरी अडलंय. हातात तीन आठवडे असतात.

दारव्हा_साईटवाला · सायंकाळी ६.४०

स्क्रिप्ट लावली, १३ आकडे आले. मिल उद्या, तिथे आत्ता लाईन नाही. एकच शंका: जी साईट अकरावी म्हणून व्हीपीएसवर आणतोय, तिचा ए-रेकॉर्ड वळवल्यावर सर्टिफिकेट येईपर्यंत मधे इशारा दिसेल ना?

काळी_माती · सायंकाळी ६.५५

दिसेल, म्हणून वळवायच्या आधीच काढून ठेवा. त्या डोमेनचं डीएनएस तुमच्याकडे आहे, तर तेवढ्यापुरतं '--मॅन्युअल --प्रिफर्ड-चॅलेंजेस डीएनएस' वापरून टीएक्सटी टाका, सर्टिफिकेट एनजिनएक्सला लावा, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी घालून तपासा. आदल्या दिवशी ए-रेकॉर्डचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० करा. वळवलं की लगेच '--एनजिनएक्स'ने तेच सर्टिफिकेट पुन्हा काढा, 'सर्ट-नेम' तेच ठेवून. नाहीतर रिन्यूच्या वेळी सर्टबॉट हाताने टीएक्सटी टाकायची वाट बघेल आणि अडेल.